दरडोई सुखाचा हिशेब

हिंदुस्थानातल्या माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न किती, हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो दादाभाई नौरोजींनी. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या या माणसाने सरकारचेच अहवाल समोर घेतले, प्रांताप्रांतांतली पिके, लागवडीचे क्षेत्र आणि बाजारभाव यांच्या बेरजा केल्या आणि १८६७ ते १८७० या काळासाठी दरडोई सुमारे २० रुपये हा आकडा काढून १८७६ साली मुंबईत ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे वाचलेल्या निबंधात तो मांडला. अर्थशास्त्राच्या वर्गात हा आकडा आम्हाला पाठ करायला लावला होता. मात्र त्या निबंधात दादाभाईंनी त्याच्या शेजारी जो दुसरा हिशेब ठेवला आहे, तो मी खूप पुढे वाचला, आणि तेव्हापासून तो माझ्या मनातून गेलेला नाही. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार प्रत्येक प्रांतात किती खर्च करते, हे त्यांनी सरकारी कागदांतूनच शोधून काढले आणि दाखवून दिले की गुन्हा केलेल्या कैद्याला जेवढे मिळते तेवढेही निरपराध, मोकळ्या माणसाच्या सरासरी वाट्याला येत नाही.

म्हणजे आपल्याकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा जन्मला तोच मुळी माणसाच्या पोटाचा आणि अंगावरच्या कपड्याचा प्रश्न विचारत. देश किती मोठा झाला, जगात कितव्या क्रमांकावर गेला, हे दादाभाईंना मोजायचे नव्हते. एका माणसाचे जगणे सुसह्य आहे की नाही, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते, आणि त्यासाठी देशभराची बेरीज करणे भाग होते.

पुढे हा आकडा त्या प्रश्नापासून हळूहळू सुटा झाला. अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली अमेरिकी काँग्रेससाठी, म्हणजे तिथल्या संसदेसाठी, राष्ट्रीय उत्पन्नाचा तपशीलवार अंदाज तयार केला, तेव्हा त्यांनी त्याच अहवालात लिहून ठेवले होते की अशा मोजमापावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधणे फारसे शक्य नाही. ज्याने मोजपट्टी घडवली त्यानेच दिलेली ही सूचना होती. स्वतंत्र भारताने १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस तिचे अध्यक्ष होते, सदस्यांमध्ये व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते, आणि सल्ला देण्यासाठी बोलावलेल्या परदेशी तज्ज्ञांमध्ये स्वतः कुझनेट्सही होते. गाडगीळांच्या संस्थेने त्याआधीच पुणे शहरातल्या कुटुंबांची घरोघर जाऊन सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. एकाच माणसाने एकीकडे देशाची बेरीज करावी आणि दुसरीकडे एखाद्या पेठेतल्या बिऱ्हाडाची मिळकत टिपून घ्यावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण या दोन टोकांमधले अंतर ज्याला दिसते, त्याला आकड्याची मर्यादा वेगळी शिकवावी लागत नाही.

त्या मर्यादेचे एक उदाहरण मी दरवर्षी विद्यार्थ्यांना देत असे. सरकार जे पुरवते ते बाजारात विकले जात नाही, त्यामुळे त्याची किंमत ठरत नाही, आणि म्हणून राष्ट्रीय उत्पन्नात ते धरले जाते ते झालेल्या खर्चाएवढेच. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाचा पगार त्या बेरजेत येतो. त्या शिक्षकाच्या हाताखाली शिकलेली मुलगी पुढे घराण्यातली पहिली पदवीधर झाली आणि तिने आपल्या धाकट्या बहिणींची लग्ने लहान वयात होऊ दिली नाहीत, याची तिथे नोंद होण्याची सोयच नाही. पोलिओचेही तसेच आहे. माझ्या शाळेत वर्गावर्गात एखादे मूल पायाला लोखंडी कॅलिपर लावून यायचे. जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. आजच्या तरुण आईबापांच्या मनात ती भीती उरलेली नाही, आणि भीती उरलेली नाही हे त्यांना जाणवतही नाही. राष्ट्रीय उत्पन्नात या सगळ्याचा हिशेब लशीच्या कुप्या, शीतपेट्या आणि बूथवर बसलेल्या कर्मचाऱ्यांचे भत्ते एवढ्यावर संपतो.

उत्पन्न वाढले की सुख वाढते का, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ साली आकडेवारीनिशी विचारला. त्यांना दिसले ते असे की एकाच देशात, एकाच वेळी पाहिले तर श्रीमंत माणसे गरिबांपेक्षा अधिक सुखी असल्याचे सांगतात. पण देशाचे उत्पन्न वर्षानुवर्षे वाढत गेले तरी त्याबरोबर देशाचे सुख वाढत गेल्याचे दिसत नाही. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाला. बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वुल्फर्स यांनी २००८ साली अधिक देशांची आकडेवारी घेऊन दाखवले की श्रीमंत देशांतील लोक सरासरीने अधिक समाधानी असतात आणि हा संबंध वरच्या उत्पन्नापर्यंत टिकतो. मला या वादात एक बाजू घेण्याची गरज वाटत नाही. ज्याच्या घरात दोन वेळचे अन्न नाही, त्याला पैशाने सुख येत नाही असे सांगणे हा क्रूरपणा आहे, आणि दादाभाईंच्या २० रुपयांचे शंभर झाले असते तर देशातले दुःख नक्कीच कमी झाले असते. प्रश्न त्यापुढच्या टप्प्याचा आहे: पोट भरल्यावर वाढत जाणारे उत्पन्न माणसाच्या मनापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, आणि वाटेत कुठे जिरते?

त्यातले बरेचसे शेजाऱ्याशी होणाऱ्या तुलनेत जिरते. अर्झो लुटमर यांनी अमेरिकेतल्या पाहणीच्या आधारे २००५ साली दाखवले की स्वतःचे उत्पन्न तेवढेच असताना आसपासच्या लोकांचे उत्पन्न वाढले, तर माणसाचे समाधान कमी होते. मी महाविद्यालयात शिकवत असताना हे जवळून पाहिले आहे. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आमच्या सर्वांच्या खात्यात जमा झाली, तेव्हा स्टाफरूममध्ये काही दिवस खरोखरच दिवाळी होती. मग कोणी मोटार घेतली, कोणी मोठ्या सदनिकेची नोंदणी केली, आणि वर्ष उलटायच्या आत जुन्या स्कूटरवरून येणारा सहकारी अवघडून गाडी फाटकापासून दूर लावू लागला. त्याचा पगार कमी झाला नव्हता. सगळ्यांचे उत्पन्न एकाच प्रमाणात वाढले होते आणि तरीही एकाच्या आनंदाने दुसऱ्याच्या आनंदाचा काही भाग खाल्ला होता. खासगी वस्तूंना हा धर्म चिकटलेलाच आहे. माझी वस्तू माझी आहे यातच ती तुमची नाही हे आले.

उरलेले उत्पन्न जिरते ते सर्वांना मिळून मिळायला हवे होते ते एकेकट्याने विकत घेण्यात. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मेंटेनन्सचा हिशेब वाचला जातो, तेव्हा मी तो अर्थशास्त्राच्या नजरेने ऐकते. उन्हाळ्यातले टँकर, वीज गेल्यावर चालणारा जनित्र संच आणि त्याचे डिझेल, फाटकावरचे पहारेकरी, मैलापाणी शुद्ध करण्याची यंत्रणा. घरात आल्यावर पाण्याचा फिल्टर आणि त्याचे दरवर्षी बदलायचे भाग, इन्व्हर्टर, मुलांचे क्लास, आजारपणाचा विमा. यांतली प्रत्येक रक्कम राष्ट्रीय उत्पन्नात भर घालते. नळाला पुरेसे स्वच्छ पाणी आले असते तर टँकरमालकाचा, फिल्टर विकणाऱ्याचा आणि बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याचा व्यवहार झाला नसता, देशाचे उत्पन्न त्या मानाने थोडे कमी भरले असते, आणि आम्ही सगळे अधिक सुखात राहिलो असतो. आकडा आणि सुख इथे उलट दिशांना चालू लागतात. माझ्या आईने तालुक्याच्या गावात पहाटे चार वाजता उठून नळाखाली हंडे लावत काढलेली वर्षे मला आठवतात. तिच्या मोडलेल्या झोपेची नोंद कुठल्याही बेरजेत नव्हती, आणि आज तिच्या मुलीने पैसे मोजून ती झोप वाचवली तर ती विकास म्हणून नोंदली जाते. दोन्हींच्या मुळाशी असलेली उणीव एकच आहे.

अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ साली अवघ्या तीन पानांच्या निबंधात सार्वजनिक वस्तू कशाला म्हणावे हे मांडले. एकाने उपभोगल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही, अशी वस्तू. पुढे तिच्या व्याख्येत दुसरे लक्षणही रूढ झाले: तिच्या उपभोगापासून कोणालाही बाहेर ठेवता येत नाही. रस्त्यावरचा दिवा, स्वच्छ हवा, रोगाची साथ नसणे ही पाठ्यपुस्तकातली उदाहरणे. अर्थशास्त्राने या व्याख्येवरून निष्कर्ष काढला तो मुख्यतः असा की बाजार अशा वस्तू पुरेशा पुरवणार नाही, म्हणून कर लावून सरकारने त्या पुरवाव्यात. सुखाच्या दृष्टीने याच व्याख्येतून आणखी एक गोष्ट निघते, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. जे माझ्याकडे आहे तेच तुमच्याकडेही आहे, तिथे तुलनेला जागाच उरत नाही. स्टाफरूममधल्या मोटारीने सहकाऱ्याला छोटे केले. चांगल्या बसने कोणाला छोटे केल्याचे मी पाहिलेले नाही. थकबाकीचा तोच पैसा शहराने बससेवेवर खर्च केला असता, तर आमच्यापैकी प्रत्येकाला त्याचा लाभ झाला असता आणि एकाचा लाभ दुसऱ्याच्या डोळ्यांत सलला नसता.

मात्र बाहेर ठेवता येत नाही, हे शब्द लिहिताना महाराष्ट्रातल्या माणसाने थांबले पाहिजे. आपल्याकडे पाण्यापासूनही माणसांना बाहेर ठेवता येत होते. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, कारण शहरातल्या पाणवठ्यांवर त्यांना प्रवेश नव्हता. मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला आणि तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्याकाठी गेले आणि त्यांनी ते पाणी प्याले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, तळ्याची शुद्धी केली गेली, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, दिवाणी दावा झाला, आणि तळे सार्वजनिक असल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाकडून मिळायला १९३७ साल उजाडले.

या लढ्याचा नेता सार्वजनिक वित्तव्यवहाराचा पंडित होता, याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर त्यांनी कोलंबिया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला होता. कराचा पैसा कोणाकडून येतो आणि कोणासाठी खर्च होतो, हे त्यांच्याइतके बारकाईने अभ्यासलेले लोक तेव्हा देशात थोडेच असतील. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये महाडच्याच परिषदेत त्यांनी सांगितले की या तळ्याचे पाणी न पिता आजवर आपण मेलेलो नाही. आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे. सार्वजनिक वस्तूतून माणसाला काय मिळते, याचे याहून खोल विवेचन मला अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठात सापडलेले नाही. पाण्याने तहान भागते, ती घरच्या विहिरीच्या पाण्यानेही भागली असती. सर्वांच्या पाणवठ्यावर सर्वांच्या बरोबरीने ओंजळ भरता येणे यातून जे मिळते, ते कितीही उत्पन्न वाढवले तरी विकत घेता येत नाही. आणि ज्याला तिथून हाकलले जाते, त्याच्या दुःखाची भरपाईही उत्पन्नाने होत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०१२ साली आंतरराष्ट्रीय आनंद दिन जाहीर केला, तो नेमका २० मार्चचाच आहे. हा निव्वळ योगायोग आहे. तरी दरवर्षी त्या सुमारास जागतिक आनंद अहवाल येतो आणि आपल्या वर्तमानपत्रांत भारताचा क्रमांक छापून येतो, तेव्हा मला महाड आठवते. हा अहवाल ज्या पाहणीवर उभा आहे तिच्यात लोकांना शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पून आपण कितव्या पायरीवर आहोत हे सांगायला लावतात. २०२५ च्या अहवालात १४७ देशांमध्ये भारत ११८ वा होता, आणि फिनलंड २०१८ पासून सलग पहिला. या क्रमवारीवरून आपल्याकडे दरवर्षी रुसवा होतो. पद्धतीवरचे काही आक्षेप योग्यही आहेत, कारण आपल्या आयुष्याला किती गुण द्यावेत याची सवय संस्कृतीप्रमाणे बदलत असणार. तरी त्या अहवालातल्या दोन गोष्टींपाशी मी थांबले. एक म्हणजे सहाव्या क्रमांकावर आलेला कोस्टा रिका. हा देश अमेरिकेच्या तुलनेत कितीतरी गरीब आहे, आणि अमेरिका त्या यादीत २४ वी होती. कोस्टा रिकाने १९४९ च्या राज्यघटनेत कायमस्वरूपी सैन्य रद्द केले आणि शिक्षण व आरोग्य यांच्यावर दीर्घकाळ खर्च केला. त्याच्या समाधानाला कुटुंबव्यवस्थेपासून इतरही कारणे आहेत. पण आजारी पडल्यावर दवाखान्याच्या दारात उभे करून घेतील की नाही, ही धाकधूक नसणे हे त्यांतले लहान कारण नसावे.

दुसरी गोष्ट पाकिटाची. हरवलेले पाकीट कोणीतरी परत आणून देईल, असा ज्यांना विश्वास वाटतो ते अधिक समाधानी असतात, आणि हा संबंध फार बळकट आहे, असे त्या अहवालात दाखवले आहे. असा विश्वास हीदेखील सार्वजनिक वस्तूच आहे: मी तो बाळगल्याने तुमचा कमी होत नाही, उलट वाढतो. जर्मनीत अनेक वर्षे राहणारी माझी मावसबहीण मागच्या भेटीत सांगत होती, “ताई, कर आणि विम्याचे हप्ते कापून हातात जेमतेम साठ टक्के पगार येतो. पण धाकटा एकटा ट्रामने शाळेत जातो आणि मी निर्धास्त कामाला लागते.” त्या निर्धास्तपणासाठी तिने पगाराचा मोठा हिस्सा दिलेला आहे, आणि तो दिल्याबद्दल तिला खंत नाही, कारण तोच निर्धास्तपणा तिच्या शेजारणीलाही मिळालेला तिला रोज दिसतो.

यावर कोणी म्हणेल की ते श्रीमंत देश आहेत, आधी उत्पन्न वाढू द्या, सार्वजनिक सोयी मागून येतील. याचे उत्तर द्यायला युरोपात जाण्याची गरज नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतले गाव. पोपटराव पवार तिथे सरपंच झाले तेव्हा गाव दुष्काळाने आणि भांडणांनी खचलेले होते, कर्ती माणसे कामासाठी बाहेर पडलेली होती. गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, श्रमदानाने चर खोदले, बांध घातले, आणि सर्वांत कठीण निर्णय घेतला तो असा की शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही आणि ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिके लावायची नाहीत. जमिनीखालचे पाणी सातबाऱ्यावर कोणाचेही नाव असले तरी गावाचे मानले गेले. दरवर्षी पडलेला पाऊस मोजून गाव पाण्याचा ताळेबंद मांडते आणि पाऊस कमी असेल तर कोणती पिके घ्यायची नाहीत हे ठरवते. काटेकोर व्याख्येने हे पाणी सार्वजनिक वस्तूत बसणार नाही, कारण एकाने उपसले तर दुसऱ्याचे कमी होते. पण म्हणूनच तिथला करार मला अधिक मोठा वाटतो. निसर्गाने जे वाटून खायला लावले नव्हते ते माणसांनी आपण होऊन वाटून घेतले. उत्पन्न त्यामागून आले, आणि बाहेर गेलेली कुटुंबे परतली.

परतलेल्या माणसांना नेमके काय परत आणते, याचा मी बराच विचार केला आहे. केवळ मिळकत पाहिली तर मुंबई-पुण्यात तेवढी मिळाली असती. माझ्या समजुतीने, उद्याच्या पाण्याची खात्री आणि ती खात्री शेजाऱ्याच्या विरोधात नव्हे तर त्याच्याबरोबर मिळवलेली असणे, या दोन गोष्टी मिळून माणूस एखाद्या ठिकाणाला आपले म्हणू लागतो. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्यांचे दरडोई उत्पन्न छापले जाते. मुंबई, ठाणे, पुणे वर असतात आणि नंदुरबार, गडचिरोली यांसारखे जिल्हे तळाशी. या तक्त्याच्या शेजारी, दादाभाईंच्या रीतीने, आणखी काही रकाने असावेत अशी माझी फार इच्छा आहे: किती घरांत दिवसभर नळाला पाणी असते, पावसाळ्यात किती वस्त्यांपर्यंत रुग्णवाहिका पोहोचते, किती गावांत वाचनालय संध्याकाळी उघडे असते आणि त्यात गावातले प्रत्येक मूल, मुलगी असो वा मुलगा, कोणत्याही आळीतले असो, जाऊन बसू शकते. तळाच्या जिल्ह्यांचे दुःख त्यातून नीट कळेल, आणि वरच्या जिल्ह्यांचेही.

पुणे महानगरपालिकेने २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागासाठी लहान कामे सुचवण्याची आणि ती अंदाजपत्रकात घेण्याची सोय केली आहे. त्याचा उपयोग फार थोडे लोक करतात. आमच्या रस्त्याचा पदपथ ठिकठिकाणी तुटलेला आहे. आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या बायका मुख्य चौकापासून वाहनांच्या कडेकडेने चालत येतात, आणि आम्ही बहुतेकजण गाडीतून जात असल्याने हा विषय आमच्या सभेत कधी निघत नाही. पदपथ सलग करण्याचे काम मी अर्जात सुचवले आहे. इमारतीतल्या काही शेजाऱ्यांनी आणि त्या बायकांपैकी या प्रभागात राहणाऱ्या काहींनीही आपापल्या नावाने तेच काम सुचवले. अंदाजपत्रक मंजूर होईल तेव्हा ते त्यात आहे की नाही, हे पाहायला आम्ही मिळून क्षेत्रीय कार्यालयात जाणार आहोत.